पंडिता रमाबाई : पुण्यसंचयापासून कृपेपर्यंत

पंडिता रमाबाई सरस्वती यांचे नाव निघाले की आपल्या मंडळ्यांतून एक ठरावीक यादी ऐकू येते. शारदा सदन, मुक्ती मिशन, दुष्काळातून वाचवलेल्या मुली, मराठी पवित्र शास्त्र. यादी खरी आहे आणि अभिमान वाटावा अशीच आहे. तथापि १९०७ साली रमाबाईंनी स्वतःची साक्ष लिहिली, तेव्हा या कामांना त्यांनी तिच्यात मानाचे स्थान दिले नाही. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे लोटली होती, विधवांसाठी सदन उभे राहिले होते, देशोदेशी नाव झाले होते. आणि अशा वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही, हे आपल्या ध्यानी आले, असे त्यांनी त्या साक्षीत सांगितले आहे. जिच्या सत्कर्मांची साक्ष जग देत होते, तिने असे का लिहावे? या प्रश्नाचे उत्तर हवे असेल, तर शारदा सदनापासून आरंभ करून चालत नाही. फार मागे, कर्नाटकातील अरण्यात जावे लागते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. तरुणपणी पुण्यात असताना, आपले गुरू पेशव्यांच्या राणीस संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिले होते आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावे असा त्यांचा निश्चय झाला होता. तो त्यांनी पुढे लक्ष्मीबाईंच्या बाबतीत खरा केला. त्यावरून आप्तेष्ट रुसले, पंडितांपुढे जाब द्यावा लागला. पण शास्त्रीबुवा मागे सरले नाहीत. गंगामूळच्या रानात त्यांनी आश्रम वसवला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाचा जन्म झाला. ती सहा महिन्यांची असतानाच आश्रम सुटला. वेताच्या पेटाऱ्यात घालून, नोकराच्या डोक्यावरून तिची पहिली यात्रा निघाली, आणि पुढची कित्येक वर्षे त्या कुटुंबाला स्थिर असे घर लाभले नाही.

ही भटकंती निरुद्देश नव्हती. या क्षेत्राहून त्या क्षेत्राला जावे, नदीत स्नान करावे, देवळात बसून पुराण सांगावे, मिळेल त्यातून निर्वाह करावा आणि उरेल ते दानधर्मात घालावे, असा तो क्रम होता. शास्त्रीबुवा भोंदू नव्हते, लोभी तर नव्हतेच. शास्त्राने जे पुण्यप्रद म्हटले ते त्यांनी अक्षरशः केले. रमाच्या आईने तिला रानावनात, धर्मशाळेत, पहाटेच्या अंधारात संस्कृत शिकवले. भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत झाले.

मग १८७० च्या दशकातील दक्षिणेचा दुष्काळ आला. शास्त्रीबुवा वृद्ध झाले होते, दृष्टी गेली होती. संकट आले तेव्हा या कुटुंबाने एकच उपाय जाणला : अधिक व्रते, अधिक जप, अधिक दान. गाठीचा पैसा, दागिने, अखेर भांडीकुंडी देवाच्या नावे खर्च झाली. देव प्रसन्न होईल आणि धन देईल ही आशा. मोलमजुरी करावी असे कोणाच्या मनात आले नाही. विद्येचा आणि जातीचा अभिमान आडवा येत होता आणि कष्टाचे काम कोणास येतही नव्हते. शेवटी अकरा दिवस आणि अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. तेव्हा वृद्ध पित्याने पवित्र तळ्यात देह सोडण्याचे ठरवले. मुलांचा निरोप घेतला. रमा सर्वांत धाकटी. तिला जवळ घेऊन, सन्मार्गाने चाल आणि देवाची सेवा कर, असा उपदेश त्यांनी केला. थोरल्या श्रीनिवासाने मात्र, आता अभिमान सोडून मी मजुरी करीन, असे म्हणून वडिलांना त्या तळ्यापासून परत फिरवले. मजुरीला फार उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत पिता गेला, त्यामागून आई, त्यामागून थोरली बहीण. आईचे प्रेत स्मशानात नेण्यास माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. उंचीने ती लहान, खांदा पुरेना, म्हणून तिरडीचा आपल्या बाजूचा भार तिने डोक्यावर घेतला आणि सुमारे तीन मैल चालली.

या कथेत आईवडिलांना दोष देण्याचा मोह आपण टाळावा. आपल्यातही नवस आहेत, फक्त त्यांची नावे निराळी आहेत. रमाबाईंनी आईवडिलांविषयी जन्मभर आदरानेच लिहिले. त्या आदरामुळेच त्यांचा प्रश्न अधिक तीक्ष्ण झाला : इतक्या निष्ठेने केलेली कर्मे जर तारू शकली नाहीत, तर किती केली म्हणजे तारतात?

तरीही दोघा भावंडांनी तो मार्ग लगेच सोडला नाही. उत्तरेस काश्मीरपर्यंत हजारो मैल ती पायी फिरली. कडाक्याच्या थंडीत नदीकाठच्या वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. एका तीर्थाच्या सरोवरात तरंगणारे सात पर्वत होते. यात्रेकरू निष्पाप असेल तर ते काठाकडे चालत येतात, पापी असेल तर जागचे हलत नाहीत, अशी ख्याती. पाण्यात मगरी आहेत, उतरू नका, असे तेथील पुजाऱ्यांनी बजावले. श्रीनिवास पहाटे गुपचूप पोहत गेला. पाहतो तो तराफ्यांवर दगडमाती रचून झाडे लावलेली, आणि ते ढकलण्यासाठी पाठीमागे दडवलेली होडी! माणसाच्या पापपुण्याचा निवाडा होडीवाल्याच्या हाती होता. हा प्रसंग रमाबाईंनी पुढे अनेक वर्षांनी लिहिला, पण त्यात संताप नाही. थकवा आहे.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या या मुलीची विद्वत्ता पाहून तेथील पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. एका ख्रिस्ती मेळाव्याचेही त्यांना आमंत्रण आले. मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बसली, तेव्हा हे लोक खुर्चीची पूजा करतात असा दोघांचा समज झाला. आपल्या उपासना बाहेरच्याला कशा दिसतात, याचा विचार करण्याजोगी ही गोष्ट आहे. त्या वेळी रमाबाईंना संस्कृत बायबलही मिळाले; पण त्याची भाषा आणि शिकवण इतकी अपरिचित की वाचन पुढे सरकेना.

कलकत्त्यातच स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रांचे कसून वाचन केले आणि तेथे त्या अडखळल्या. ग्रंथाग्रंथांत मतभेद पुष्कळ. परंतु स्त्रीजात स्वभावतः अधम आहे आणि तिला स्वतःच्या अधिकाराने मोक्ष नाही, यावर त्यांना सर्वांचे एकमत आढळले. पतिसेवा करावी, पुढे कधी पुरुषाचा, ब्राह्मणाचा जन्म आला तर वेदाध्ययन घडेल, मग मोक्षाचा विचार. म्हणजे ज्या पुण्यासाठी आईने सारे आयुष्य वेचले, ते पुण्य तिला दारापर्यंतही नेणारे नव्हते. तारण कर्मांनी की विश्वासाने, हा वाद आपण बहुधा बायबल वर्गात बसून घालतो. रमाबाईंसाठी तो आपल्या मृत आईचा प्रश्न होता.

१८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. सिलचर येथील त्यांच्या घरी लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती पडली आणि त्या ती आवडीने वाचू लागल्या. पत्नीने उघडपणे ख्रिस्ती व्हावे हे मेधावींना रुचणारे नव्हते. तो वाद वाढण्याआधीच, ४ फेब्रुवारी १८८२ रोजी, पटकीने त्यांचे निधन झाले. पदरी दहा महिन्यांची मनोरमा घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढील साक्ष, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक, ही सर्व त्याच एका वर्षातील कामे. पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडचे भाडे उभे राहिले आणि वैद्यकी शिकण्याच्या हेतूने १८८३ साली त्या निघाल्या. कानांना कमी ऐकू येत असल्याने वैद्यकी राहिली ती राहिलीच.

वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनींनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले. एके दिवशी त्यांनी रमाबाईंना लंडनजवळील फुलहॅम येथील आश्रम दाखवला. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रिया तेथे होत्या आणि त्यांचीच सेवा चालली होती. काही स्त्रिया तर बदलून इतरांना सावरण्याचे काम करीत होत्या. अशा स्त्रियांना दूर लोटावे एवढेच रमाबाईंनी आजवर ऐकले होते. ख्रिस्ती लोकांना यांचा कळवळा का यावा, असे त्यांनी विचारले. एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, शोमरोनी स्त्रीची गोष्ट, त्यांना वाचून दाखवली. पापी स्त्रीशी प्रभू येशू स्वतः होऊन बोलला, तिला झिडकारले नाही, हे ऐकून, भारतातील पिडलेल्या स्त्रीला उचलणारा तारणारा हाच, अशी रमाबाईंची खात्री पटली. नेहेम्या गोऱ्हे या विद्वान ब्राह्मण ख्रिस्ती धर्मगुरूंच्या पत्रांनी बुद्धीच्या शंका फेडल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

येथे आपण बहुधा कथा संपवतो. वास्तविक ती येथे अर्धीही झालेली नाही. रमाबाईंची बुद्धी स्वतंत्र होती. त्रैक्याबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल त्यांनी भगिनी जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून तीव्र वाद घातले. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत शिरण्याची त्यांची तयारी नव्हती. काहींना हा गर्व वाटला. परंतु माझ्या मते तो गर्व नव्हता. आईवडिलांनी सांगितलेले सारे निमूटपणे करून काय झाले, हे पाहिलेल्या मुलीची ती सावधगिरी होती. मात्र ख्रिस्तावरील त्यांचा विश्वास या काळात पुष्कळसा बुद्धीचा होता. ख्रिस्ताची शिकवण श्रेष्ठ, त्याचे चरित्र निष्कलंक, त्याच्या अनुयायांची कामे उत्तम. म्हणून आपणही तशी कामे करावी.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने त्या अमेरिकेस गेल्या. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बोस्टन येथे त्यांच्या कार्यास दहा वर्षे साहाय्य करण्यासाठी मंडळ स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या.

सदन चालू होते, मुली शिकत होत्या, आणि चालिकेच्या मनाला मात्र शांती नव्हती. बाप्तिस्म्याने ती मिळेल, सेवेने मिळेल, असे वाटले होते. तशात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम कॉर्नवॉलमध्ये पाळकाचे काम करीत, मंदिरे बांधीत, विधी काटेकोर पाळीत. आणि १८५१ साली एके दिवशी स्वतःच उपदेश करता करता, आपल्याला ख्रिस्त ठाऊकच नाही, हे त्यांना उमगले व त्याच व्यासपीठावर त्यांचे परिवर्तन झाले. पाळकाचे असे होऊ शकते, तर आपले काय? रमाबाई पवित्र शास्त्राकडे वळल्या आणि जुन्या मोजमापाला आपण केवळ नवे नाव दिले आहे, हे त्यांच्या लक्षात आले. पूर्वी स्नान, दान, व्रत होते. आता बाप्तिस्मा, प्रार्थना, विधवांची सेवा. हिशेबाची वही बदलली होती, हिशेब तोच होता.

ही १८९१ च्या सुमाराची गोष्ट. आपण योग्य होण्याची वाट न पाहता देवाने ख्रिस्ताच्या ठायी आधीच प्रीती केली आहे, पापक्षमा कमवायची नसून घ्यायची आहे, हे तेव्हा त्यांना कळले नव्हे, तर मिळाले. पुरुषाचा जन्म नको, वेदाधिकार नको, दक्षिणा नको. जी स्त्री आहे, जशी आहे, तिला तेथेच आणि आताच तारण! उपाशी मेलेल्या आईला जे कोणी सांगितले नाही, ते मुलीला ऐकू आले. या आनंदाविषयी रमाबाईंनी लिहिले आहे तितके त्यांनी आपल्या कोणत्याही संस्थेविषयी लिहिलेले नाही.

इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आठव्या व नवव्या वचनांत कृपेने तारण सांगितले आहे आणि लगेच दहाव्यात सत्कृत्ये आली आहेत. आपल्यापैकी काही जण नवव्या वचनावर थांबतात, काही एकदम दहाव्यापासून सुरू करतात. याकोबाचे पत्र वाचताना तर पौलाला गप्प केल्याचा आनंदही काहींच्या चेहऱ्यावर दिसतो. रमाबाईंच्या आयुष्यात मात्र या वचनांचा क्रम तसाच राहिला.

आधी फळ आले ते कडू. सदनात धर्मप्रचार करायचा नाही असे ठरले होते आणि तो रमाबाई करीत नव्हत्या. पण त्या स्वतः प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे, आणि मुली आपण होऊन येऊन बसत. काही मुलींचा कल ख्रिस्ताकडे झाला. वृत्तपत्रांतून, विशेषतः केसरीतून, टीकेची झोड उठली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. रानडे यांचे मन मोठे होते. ज्या भरवशावर त्यांनी आपल्या लोकांना मुली पाठवण्यास सांगितले, तो डळमळला असे त्यांना वाटले असेल तर ते समजण्याजोगे आहे. पण रमाबाईंनाही आता दार लावून घेणे शक्य नव्हते. पुण्यासाठी केलेले काम असते तर लोकापवादाने ते खचले असते. किंवा ते टिकावे म्हणून तडजोड तरी झाली असती.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी वाचून रमाबाईंना जुने दिवस आठवले आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. कोणाच्या अंगावर चिंध्या, कोणाच्या अंगावर जखमा. कित्येकींची शरीरे इतकी झिजलेली की त्या पुढे जगल्या नाहीत. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून सोलापूरच्या रेल्वेमार्गावरील केडगाव येथे आधी घेऊन ठेवलेल्या शेतजमिनीवर राहुट्या पडल्या. तेच मुक्ती सदन. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या आणि रहिवाशांची संख्या सुमारे एकोणीसशेवर गेली.

त्या वसाहतीत काय होते ते पाहण्यासारखे आहे. विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरे ठेवली. माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई, वेतकाम शिकवले जाई. हातांनी काम करणे येथे कोणालाच कमीपणाचे नव्हते; ज्या घरात मजुरीची लाज वाटून माणसे उपाशी मेली, त्या घरच्या मुलीने हे उभे केले होते. कृपा सदन या विभागात समाजाने टाकलेल्या स्त्रियांना आसरा मिळाला; फुलहॅमला पाहिलेले त्या विसरल्या नव्हत्या. बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत १८९८ साली भरली. त्यानंतर ठरावीक वर्गणीच्या भरवशापेक्षा प्रार्थनेच्या भरवशावर इतक्या तोंडांचा घास चालला. जून १९०५ च्या अखेरीस मुक्तीत जे आत्मिक संजीवन झाले, त्याची वार्ता जगभर गेली. मुलींनी रडत पापे कबूल केली आणि मग टोळ्या करून गावोगाव सुवार्ता सांगितली. रमाबाई त्या गजबजाटात फार पुढे दिसत नाहीत. त्या तेव्हा हिब्रू आणि ग्रीक शिकण्यात गढल्या होत्या.

उत्तरायुष्यातील हे त्यांचे सर्वांत मोठे काम. चालू मराठी भाषांतर खेड्यातील अडाणी स्त्रीला जड जाते, त्यातील काही संस्कृत शब्द तिला पुन्हा जुन्याच कल्पनांकडे नेतात, असे त्यांना वाटे. संस्कृतवर ज्यांचे इतके प्रभुत्व, त्यांनीच संस्कृत शब्द बाजूला सारून साधी, बोलीजवळची मराठी निवडली. साहित्यदृष्ट्या ते भाषांतर काही ठिकाणी ओबडधोबड वाटते, हे मान्य करावे लागेल. पण ते कोणासाठी केले हे ध्यानात घेतले म्हणजे तक्रार विरते. आपल्या आईच्या वाट्याला जे श्लोक आले, ते दारापर्यंतही न नेणारे होते. या बायांच्या हाती जे पडेल, ते त्यांना पहिल्या वाचनात कळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

मनोरमा मुक्तीची पुढची चालिका होईल असे सर्वांनी धरले होते. २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे ती आईच्या आधी गेली. रमाबाईंनी भाषांतराची मुद्रिते तपासणे सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या आणि पाने छापणाऱ्या हातांत दुष्काळातून आणलेल्या मुलींचे हात होते.